बैठी नोकरी आणि देहधर्म

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आपण चार शब्द बोलावेत, विषय आपल्या आवडीचा घ्यावा, असे मंडळाच्या चिटणिसांनी मला कळविले. निवृत्त शिक्षकास अशी मोकळीक देणे धोक्याचे असते, कारण तास संपल्याची घंटा येथे कोणी वाजवीत नाही. तथापि मी आपणांस फार वेळ बसवून ठेवणार नाही, आणि त्याचे कारण माझ्या विषयातच आहे. ज्यांची उपजीविका खुर्चीवर बसून चालते, त्यांनी आपला देह चालता कसा ठेवावा, हा आजचा माझा विषय आहे.

मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते फळा, खडू व मुले यांच्या सहवासात. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते जाणत्यांच्या ग्रंथांतून वाचलेले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले एवढेच आहे. ज्यांस हृदयविकार, गुडघ्यांचे दुखणे अथवा अन्य व्याधी आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच त्यातले काय आचरावे ते ठरवावे.

आपण तांबट. आपल्या वाडवडिलांची ओळख त्यांच्या हातोड्याच्या नादावरून होत असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत माझ्या लहानपणी शिरावे, तर माणूस दिसण्यापूर्वी ठोके ऐकू येत. हंडे, घंगाळी, बंब, कळशा घडविल्या जात. मठारकामाचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याशी जुळावा लागे, आणि त्याकरिता मनगट, दंड, पाठ व डोळा यांस सारखेच जागे राहावे लागे. आज त्या आळीत हा उद्योग करणारी घरे मोजकीच उरली आहेत. आपली बहुतेक मुले बँकेत, विमा कंपनीत, सरकारी कचेरीत किंवा संगणकाच्या कंपनीत काम करतात. ही गोष्ट अभिमानाची आहे. आजच्या सत्कारात ज्या मुलामुलींनी प्रशस्तिपत्रे घेतली, तीही उद्या बहुधा खुर्चीवरच बसतील. त्यांचे आपण मनापासून कौतुक करू या. पण हातोडा सुटला तेव्हा त्याबरोबर आणखी काय सुटले, याचा विचार आपण केलेला नाही.

या ठिकाणी एका जुन्या ग्रंथकाराचे स्मरण करणे उचित होईल. इटलीमध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. निरनिराळ्या उद्योगांतील माणसांस कोणकोणते विकार जडतात, यावर त्यांनी १७०० मध्ये एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला व १७१३ मध्ये तो वाढवून पुन्हा छापला. रोग्यास नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर ‘तू कोणते काम करतोस?’ हाही प्रश्न वैद्याने विचारला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या ग्रंथात व्हेनिस येथील तांबटांचे वर्णन आहे. दिवसभर तांबे ठोकून ठोकून त्यांचे कान बधिर होतात, आणि म्हातारपणी तर ऐकूच येईनासे होते, असे ते सांगतात. हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. त्यांच्याशी बोलावयाचे तर सारी आळी ऐकेल इतक्या मोठ्याने बोलावे लागे.

परंतु त्याच ग्रंथात लेखनिकांवर, म्हणजे कारकुनांवरही एक प्रकरण आहे. त्यांच्या दुखण्यांची तीन कारणे रामाझ्झिनी देतात. पहिले, सतत बसून राहणे. दुसरे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल. आणि तिसरे, चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. बंधुभगिनींनो, तीनशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मुलास जसेच्या तसे लागू पडत नाही काय? एकाच ग्रंथात आपल्या आजोबांचे दुखणे आहे आणि आपल्या नातवाचेही आहे. म्हणून पूर्वीचे सारे चांगले आणि आताचे सारे वाईट, असे मी म्हणणार नाही. आजोबांचे कान गेले हे खरेच आहे. माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक धंदा देहाकडून काही तरी घेतो. हातोड्याने काय घेतले ते आपल्याला ऐकू आले. खुर्ची जे घेते ते निःशब्दपणे घेते, म्हणून ते ध्यानात येत नाही.

खुर्ची नेमके काय घेते? पूर्वी ही केवळ अटकळ होती. पुढे तिला पुरावा मिळाला. लंडन येथील जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच गाडीवर दोन माणसे असत. ड्रायव्हर दिवसभर बसून असे, आणि कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढे व उतरे. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत बेस्टच्या जुन्या दुमजली गाडीतून प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे तो अरुंद जिना सहज येईल. पाहणीत असे आढळले की, कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांहून कमी होते. शिवाय तो जडला तरी उशिरा जडे व तितका घातक नसे. टपाल खात्यातही असाच भेद दिसला. पत्रे वाटीत हिंडणारा पोस्टमन हा टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित होता.

आता कोणी हुशार विद्यार्थी विचारील की, गुरुजी, ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील तर? ही शंका मॉरिस यांनी स्वतःच घेतली. त्यांनी नोकरांच्या गणवेशाची मापे तपासली आणि १९५६ मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केले की, ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच अधिक असतो. म्हणून एकाच पाहणीवर सारा भार टाकू नये. परंतु त्यानंतर निरनिराळ्या देशांत झालेल्या अनेक अभ्यासांचा कल त्याच दिशेचा आहे. स्वतः मॉरिस नियमाने व्यायाम करीत, आणि २००९ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय ९९ वर्षांचे होते. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सिद्धांत निघत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपण सांगितले ते आपण केले, एवढा आदर्श तरी त्यातून घेता येईल.

यामागील कारण समजावयास कठीण नाही. जेवणातून आलेली साखर रक्तात उतरते, आणि तिचा मोठा ग्राहक म्हणजे आपले स्नायू. स्नायू आखडून सैल होऊ लागले की, ते रक्तातील साखर स्वतः ओढून घेतात. त्या वेळी त्यांना इन्शुलिनची गरजही कमी भासते. माणूस तासन्‌तास बसून राहिला म्हणजे मांड्यांचे व पायांचे मोठे स्नायू जणू रजेवर जातात, आणि साखर रक्तातच रेंगाळते. दुसरी गोष्ट पोटऱ्यांची. पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते निश्चल राहिले की पायांवर सूज येते. तिसरी गोष्ट पाठीची. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना पोषण मिळण्यास हालचाल उपयोगी पडते. पुढे वाकून एकाच स्थितीत बसल्याने त्यांच्यावरील व मानेवरील भार वाढतो. केवळ उभे राहून काम केल्याने हा प्रश्न सुटत नाही. दिवसभर निश्चल उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात. औषध उभे राहण्यात नाही, हालण्यात आहे.

आपल्या देशाची स्थिती काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. स्त्रियांचा आकडा अधिक आहे, याकडे मी सभेचे विशेष लक्ष वेधतो. ‘घरात दिवसभर राबते, तिला निराळा व्यायाम कशाला?’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. आता धुणे यंत्र धुते, वाटण यंत्र वाटते. नोकरी करणारी सून आठ तास टेबलाशी बसून येते व पुन्हा ओट्याशी उभी राहते. तिला दमणूक मिळते, पण मोकळेपणाने अर्धा तास चालावयास मिळत नाही. घरातील इतरांनी तो अर्धा तास तिला काढून दिला पाहिजे.

आता मला स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. तो सांगितल्याशिवाय हा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

मी ज्या शाळेत होतो, तेथे आठवड्यातून काही तास कवायतीसाठी राखलेले असत. परीक्षा जवळ आल्या की तो तास मी गणितासाठी घेत असे. केवळ मीच नव्हे, बहुतेक सर्व शिक्षक असेच करीत, आणि पालक त्याबद्दल आमचे आभार मानीत. ‘हात बांधून, ताठ, स्थिर बसा’ हे वाक्य माझ्या तोंडून सेवाकाळात किती वेळा निघाले असेल त्याची गणती नाही. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा माझ्या वर्गात होता. बुद्धीने तल्लख, पण पायाला जणू चाके लावलेली. पाणी पिण्यास, खडू आणण्यास, खिडकी लावण्यास तो सर्वांच्या आधी उठे. या सवयीबद्दल मी त्याला अनेकदा दटावले, एकदोन वेळा छडीही दिली. पुढे तो इंजिनिअर झाला, चांगल्या पगारावर लागला, आणि याच मंडळाने त्याचा सत्कारही केला.

काही वर्षांपूर्वी तो मला भेटावयास आला. वय चाळिशीच्या आत, पण जिना चढून आला तो धापा टाकीत. मधुमेह निघाला होता, रक्तदाब वाढला होता, आणि पाठीच्या दुखण्यामुळे जमिनीवर मांडी घालून बसवत नव्हते. मी हळहळलो. तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही स्थिर बसावयास शिकविलेत ना, तो धडा मी फार चांगला शिकलो.” त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा भाव नव्हता. माझ्यामुळे त्याला मधुमेह झाला, असेही मी म्हणत नाही. त्यास अनुवंश, आहार, जागरण अशी नाना कारणे असतात. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या मुलाचा देह त्याला योग्य तेच सांगत होता, त्याला मी त्या देहाचे ऐकू नकोस असे शिकविले होते.

आणि हा दोष माझ्या एकट्याचा नाही, आपल्या समाजाचाही आहे. हातोडा सोडून लेखणी धरली, तेव्हा श्रम करणे म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत आपण नकळत बाळगली. स्थळे पाहताना आपण ‘खुर्चीवरची नोकरी आहे’ असे समाधानाने म्हणतो. साहेब झालेला मनुष्य स्वतःची पिशवी उचलीत नाही, आणि घरचा कर्ता पुरुष बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या मागवितो. ज्या आजोबांनी स्वतःच्या हाताने तो तांब्या घडविला, त्यांच्या नातवाला तो भरून घेण्यासाठी उठवत नाही, ही काही प्रगती नव्हे. मान खुर्चीचा नसून कामाचा असतो, हे आपण विसरलो आहोत.

आता उपायांकडे वळू या. माझा अनुभव असा की, सांगणे फार झाले म्हणजे ऐकणारा काहीच करीत नाही. म्हणून मोजकेच सांगतो.

पहिला नियम उठण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की, प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि बसण्याचा वेळ कमी करावा. यातील शेवटचे कलम आपण वगळतो. सकाळी अर्धा तास फिरून आलो की पुढचे आठ तास बसावयास मोकळे, असे आपण समजतो. दहा लक्षांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१६ मध्ये जो निष्कर्ष निघाला, तो असा की, आठ तास बसण्याने होणारी हानी पूर्णपणे भरून काढावयाची तर दररोज ६० ते ७५ मिनिटे चांगली हालचाल हवी. इतका वेळ सर्वांना मिळत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने दोनतीन मिनिटे उठून चालावे. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात, दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालणाऱ्यांच्या रक्तातील जेवणानंतरची साखर, सलग बसून राहणाऱ्यांपेक्षा बरीच कमी वाढलेली आढळली. त्यासाठी युक्ती अशी की, टेबलावर मोठी बाटली न ठेवता लहान पेला ठेवावा. तो भरण्यास उठावेच लागते. फोन आला की उभे राहून बोलावे. शेजारच्या विभागातील माणसास निरोप पाठविण्याऐवजी त्याच्याकडे चालत जावे. एकदोन मजल्यांसाठी लिफ्टची वाट पाहू नये.

दुसरा नियम शतपावलीचा. हा शब्दच आपल्या भाषेने आपल्याला दिलेला आहे. जेवणानंतर शंभर पावले चालण्याची चाल आपल्या आजीला ठाऊक होती, आणि जेवणानंतर लगेच थोडे चालल्यास साखर कमी चढते, असे आजचे शास्त्रही सांगते. कचेरीत दुपारचा डबा खाल्ल्यावर दहा मिनिटे आणि घरी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे एवढे तरी चालावे. दहा हजार पावलांचा आकडा ऐकून कोणी हबकून जाऊ नये. तो आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावले मोजण्याचे एक यंत्र विकताना रूढ झाला. वृद्ध स्त्रियांविषयीच्या २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांनाही फार थोडे चालणाऱ्यांपेक्षा लाभ दिसला, आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही.

तिसरा नियम बळाचा. यासाठी महागड्या व्यायामशाळेची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तो सुरू केला. सहा बाय तीन फुटांची जागा व दहाबारा मिनिटे त्यास पुरतात. जोर, बैठका हेही आपलेच. ज्यांना वाकवत नाही, त्यांनी भिंतीला हात टेकून जोर काढावेत, अथवा हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे व बसावे. दिवसातून एक जेवण जमिनीवर मांडी घालून घ्यावे. खाली बसणे व उठणे हाही व्यायामच आहे, आणि म्हातारपणी तोल राखण्यास तो कामास येतो.

बसणे अटळ असेल तेव्हा नीट बसावे. पाय जमिनीवर टेकलेले, पाठीला आधार, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, आणि दर वीस मिनिटांनी काही क्षण दूरच्या वस्तूकडे दृष्टी, एवढे पुष्कळ झाले.

शेवटी मंडळास तीन नम्र विनंत्या. पहिली, गुणवंतांच्या सत्काराबरोबर खेळ व व्यायाम यांत नाव मिळविणाऱ्या मुलामुलींचाही सत्कार व्हावा. दुसरी, मंडळाच्या सभागृहात आठवड्यातून दोन सकाळी सूर्यनमस्काराचा वर्ग भरावा; शिकविण्याचे काम मी विनामूल्य करीन. तिसरी, आपली संमेलने तीन-तीन तास सलग बसून होतात, त्यांत दर तासाला पाच मिनिटांची सुट्टी असावी. आणि पालकांस व माझ्या शिक्षकबंधूंस एक मागणे आहे. कवायतीचा तास गणितास देऊ नका. मूल उठले, हलले, धावले तर ते दटावण्याआधी क्षणभर थांबा.

तो माझा विद्यार्थी आता रोज चालतो. साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे असे तो सांगतो, आणि माझ्या घरी आला की जमिनीवर बसून चहा घेतो. चहा झाला म्हणजे कपबशी आत ठेवावयास तो उठतो. त्याला मी आता ‘बस’ म्हणत नाही. त्याच्याबरोबर मीही उठतो.

माझे भाषण ठरल्यापेक्षा लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. आता सर्वांनी उभे राहून मंडपाभोवती एक फेरी मारावी आणि मग पुढील कार्यक्रम सुरू करावा, अशी अध्यक्ष महाराजांनी आज्ञा द्यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.